उपाशी जिन्यावरचं चावरं पिल्लू

समीहाने नमाजात कपाळ जमिनीला टेकवलं की शत्ताला, तिच्या कुत्र्याच्या पिल्लाला, वाटायचं, आली बाबा एकदाची खाली! दिवसभर ही बाई नुसती पायांपुरती दिसते, आणि आता बघा, कान थेट आपल्या तोंडाशी. मग तो कान धरायचा. कान नाही सापडला तर नमाजाच्या पायघोळ झग्याची कड धरायचा आणि गुरगुरत मागं मागं ओढत न्यायचा. समीहाची साठी उलटलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. खालून वर उठताना तिच्या तोंडून एरवीही दोनदा 'या अल्लाह' निघायचं, त्यात हे भूत झग्याला लटकलेलं. शेवटी ती कोठीच्या खोलीत, तांदळाच्या गोणीशेजारी, आतून कडी लावून नमाज पढायला लागली. बाहेर शत्ता दार खरवडायचा, आत समीहा देवाची माफी मागायची, स्वतःसाठी आणि त्याच्यासाठीही.

हे ध्यान तिने स्वतःच घरात आणलं होतं, त्यामुळे बोलणार कुणाला? समुद्राकाठच्या अनफूशी भागात जिथं लाकडी होड्या बांधतात, तिथं एका उपड्या होडीखाली ते थरथरत बसलं होतं. आई गाडीखाली गेलेली. समीहा बाजारातून कांदे घेऊन येत होती. तिने कांदे एका बाजूला सारले आणि पिल्लू पिशवीत घातलं. का घातलं, ते विचारू नका. गेल्या वर्षी हिल्मी गेला, तिचा नवरा, तेव्हापासून घर असं गप्प झालं होतं की समीहा फ्रिजशी बोलायची. फ्रिज मधूनच घरघरायचा, तेवढाच होकार. रात्री दिवा मालवला की तिला भीती वाटायची, चोराची नाही, त्या गप्पपणाची. पिल्लू आलं आणि पहिल्याच दिवशी त्याने हिल्मीच्या खुर्चीचा पाय कुरतडला. घरात पुन्हा कुणीतरी काहीतरी बिघडवतंय, या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की ती उभ्या उभ्या रडली.

पण प्रेम आपल्या जागी आणि पोटऱ्या आपल्या जागी. रमजान सुरू होईपर्यंत समीहाच्या हातापायांवर ओरखड्यांची जाळी झाली होती. आणि रमजानच्या पहिल्याच शुक्रवारी त्या पिल्लाने करू नये ते केलं. त्याने सबरीचा अंगठा धरला.

सबरी म्हणजे समीहाचा थोरला भाऊ. त्याला ती 'अबेह' म्हणायची, लहानपणापासून, थोरल्या भावाला म्हणतात तसं. बाप लवकर गेला, तेव्हा त्यानेच तिला शाळेत घातलं, त्यानेच लग्न लावलं, आणि नवराही त्यानेच शोधला, तोही कुठं, तर कॉफीखान्यात डॉमिनो खेळताना. माणूस कर्तबगार, पण नाव सबरी आणि अंगात सबुरी नावाला नाही. त्यात रोज दोन पाकिटं सिगरेट ओढणारा. अशा माणसाला रमजानात दिवसा पेटवता येत नाही, म्हणजे दुपारनंतर तोच पेटलेला असतो. तिकडे मगरिबला, म्हणजे सूर्य बुडताच, रोजा सोडायची तोफ उडते. त्याची बायको फिक्रिया तर म्हणायची, 'आमच्याकडे इफ्तारची तोफ दुपारीच सुटते आणि मगरिबपर्यंत सुटतच राहते.'

तर तो सबरी वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, पायातले मोजे काढून न्हाणीघरात उभा, आणि शत्ताने खालून त्याचा अंगठा पकडला. सबरीची किंकाळी खाली रस्त्यावर फूल विकणाऱ्यापर्यंत गेली.

"समीहा! घरात कुत्रा असला की फरिश्ते उंबरा ओलांडत नाहीत, ठाऊक आहे ना तुला?"

"हिल्मीला न्यायला आला तो बरा ओलांडून आला," समीहा म्हणाली. "तेव्हा कुत्रा नव्हता, अबेह. असता तर निदान पोटरी तरी धरली असती त्याची."

"तोबा कर, तोबा!" सबरी ओरडला. मग अंगठा धुऊन, पुन्हा धुऊन, तो दिवाणखान्यात येऊन बसला आणि त्याने निकाल दिला. "शेवटच्या शुक्रवारी सगळे तुझ्याकडे इफ्तारला. मी, फिक्रिया, तुझी रबाब, जावई. त्या दिवशी एकाला जरी याचा दात लागला, तरी जेवण झाल्यावर मी याला उचलणार. शहराबाहेर आमिरियाला माझा दोस्त आहे, त्याचं कोंबड्यांचं फार्म आहे. राखण करेल तिथं."

"कोंबड्या खाईल तो."

"मग दोस्त बघून घेईल काय करायचं ते."

बघून घेईल, म्हणजे काय करेल, हे दोघांनाही कळत होतं. पण समीहाने जन्मात या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. ती "बरं" म्हणाली. शत्ता त्या वेळी सबरीचा मोजा घेऊन सोफ्याखाली गेला होता. तो मोजा अजून सापडलेला नाही.

मग सुरू झाली शिकवणी. आणि शिकवणी म्हटली की उंटावरचे शहाणे आलेच. खालचा दरवान अम्म दाही म्हणाला, चपलेने नाकावर एक फटका द्या. समीहाने मन घट्ट करून अगदी हळू दिला. शत्ताला वाटलं, बाई चप्पल देतेय. त्याने ती घेतली आणि पळाला. समोरच्या दारातल्या मदाम ओदेतने आयुष्यभर कुत्री पाळलेली. ती म्हणाली, "चावला की पिल्लासारखं केकाटायचं. त्याला कळतं, दुखलं." समीहा केकाटली. तिला स्वतःलाच लाज वाटली, वरच्या मजल्यावरून हाक आली, "समीहाताई, पडलात का हो?" आणि शत्ताला एवढा आनंद झाला की त्याने दुसरा हात धरला.

सबरीचा सल्ला तर फार आधीचा. हाताला लाल मिरचीची पूड चोळ, म्हणाला होता, एकदा चाटली की कानाला खडा. मिरचीच्या त्या पुडीला तिकडे शत्ता म्हणतात. पिल्लाने ती चवीने चाटली, वर आणखी मागितली, आणि नावच पडलं ते. कानाला खडा लावला तो समीहाने, कारण त्याच हाताने तिने नंतर डोळा चोळला.

तिच्या चार मुलींपैकी त्यातल्या त्यात जवळ, तांता गावात राहणारी रबाब फोनवर बोलली ते तेवढं कामाचं. "आई, हात ओढायचा नाही. ओढलास की त्याला वाटतं शिकार पळाली. हात ढिला सोड, काही बोलू नकोस, उठ आणि पाठ फिरव. आणि त्याला दुसरं काहीतरी चावायला दे." समीहाने जुना पंचा भिजवून, पिळून बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तो कडक गार पंचा शत्ताच्या हिरड्यांना फार आवडला. दिवसा या सगळ्याने फरक पडायचा. पाठ फिरवली की पोरगं गोंधळून बसायचं, पंचा दिला की पंचा चावायचं.

पण संध्याकाळ! मगरिबच्या आधीचा तो तास. सूर्य समुद्राकडे कलला की शत्ताच्या अंगात यायचं. कान मागं, शेपूट खाली, आणि सोफ्यावरून टेबलाखाली, टेबलाखालून पडद्यावर, पडद्यावरून समीहाच्या घोट्यावर. पाठ फिरवली तर पाठीला. पंचा दिला तर पंचा सोडून मनगटाला. आणि समीहा त्या वेळी कशी? दिवसभराचा रोजा, तोंडाला कोरड, चुलीवर सूप, टेबलावर मांडायचं राहिलेलं. तिला पळता भुई थोडी व्हायची.

याचं कारण मात्र तिला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. उघड आहे, भूक! मगरिबच्या आधी चावतो, त्याला भूक लागते म्हणून चावतो, दुसरं काय असणार? रोजेदाराला सगळं जग उपाशी दिसतं. तिने अम्म दाहीला विचारलं, तो म्हणाला, भूकच. मदाम ओदेतला विचारलं, तिचाही त्यांच्या ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास चालू होता, मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, नुसती तेलातली कडधान्यं. ती जीव तोडून म्हणाली, "भूकच गं बाई, भूकच, मला विचार!" सगळा जिना उपाशी. या जिन्यावर दुसरं उत्तर मिळायचं तरी कुणाकडून?

म्हणून समीहाने त्याला घालायला सुरुवात केली. दुपारी हाडाचं पाणी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर भाताची पेज, अजानच्या आधी कोंबडीची ठेचलेली मान. पहाटे सहेरीला, रोज्याआधीच्या खाण्याला, सगळी वस्ती जागी, तेव्हा हाही बिचारा उपाशी राहू नये म्हणून याला गदागदा हलवून उठवायची आणि वाटी पुढं सरकवायची. पोट ढोलासारखं झालं, चावणं वाढलं. तेव्हा तिला वाटलं, अति झालं, आता ही ताकद जिरवायला हवी. मग रोज दुपारी ऐन झोपेच्या वेळी ती त्याला गच्चीवर नेऊन पळवायची, कबुतरांच्या खुराड्यांभोवती गोल गोल. रात्री मालिका बघायला बाया जमायच्या, त्या शत्ताला मांडीवर घ्यायच्या, गोंजारायच्या, तो पेंगला की "अरे उठ, उठ, लब्बाडा" म्हणून गुदगुल्या करायच्या. जितकं पळवावं तितका संध्याकाळी जास्त पिसाळायचा. आगीतून निघून फुफाट्यात.

शुक्रवार जवळ आला तशी समीहाची झोप उडाली. सहेरी, फज्रचा नमाज, बाजार, गच्ची, स्वयंपाक, मालिका, पुन्हा सहेरी. मंगळवारी मदाम ओदेत दारात उभी राहून प्रेमाने म्हणाली, "केकाटून पाहिलंस का गं पुन्हा?" आणि समीहा तिच्यावर धावून गेली. "तूच केकाट! तुझ्या कुत्र्यांनी तुला शिकवलं वाटतं! सगळ्यांनी मिळून वेड लावा मला!" मदाम ओदेतचं तोंड एवढंसं झालं. तिने दार लावून घेतलं, हळू, आपटलं नाही, त्यामुळे समीहाला जास्त लागलं. वीस वर्षांचा शेजार, लग्नात, मयतात, पोटदुखीत एकमेकींना दिलेला आधार, आणि आज तिने सरळ चावा घेतला होता त्या बाईचा.

बुधवारी तिचं डोकं असं ठणकायला लागलं की गच्चीचा विचारसुद्धा करवेना. दुपारी तिने झोपायच्या खोलीच्या खिडक्यांची लाकडी शटरं ओढून घेतली, ट्रामची घंटा आणि गल्लीतला फुटबॉल बाहेरच राहिला. शत्ता तिच्या मागे मागे आला आणि चप्पल चावू लागला. ओरडायचं बळ नव्हतं. कोपऱ्यात खजुरीच्या फांद्यांचा एक पिंजरा होता, आंबे येतात ना, तसला. तिने तो आडवा केला, आत जुनी चादर कोंबली, शत्ताला आत सरकवलं. उजेड जाऊ नये म्हणून वरून काय टाकावं, तर खुंटीवर हिल्मीची घरात घालायची पायघोळ गलाबिया होती. वर्षभर समीहा ती रात्री अंगावर घ्यायची आणि सकाळी पुन्हा तिथेच टांगायची. तिने ती काढली, जराशी हुंगली आणि पिंजऱ्यावर पांघरली. आत थोडी खुडबूड झाली. मग एक भला मोठा उसासा ऐकू आला, एवढ्याशा जीवातून एवढा मोठा. मग काही नाही. समीहाही आडवी झाली.

ती जागी झाली तेव्हा शटरच्या फटीतला उजेड तांबूस झाला होता. अजानला थोडाच वेळ! सूप नाही, सरबत नाही, आणि हीच ती पिसाळायची वेळ. ती धडपडून उठली. गलाबियाची बाही हलली, त्यातून शत्ताचं डोकं बाहेर आलं. त्याने जांभई दिली, मागचे पाय ताणले, तिच्यापाशी आला. समीहाने डोळे मिटून हात पुढं केला. शत्ताने तो चाटला आणि तिच्या पायावर हनुवटी टेकवून बसला.

समीहा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला.

रबाब तान्ही असताना रोज संध्याकाळी घर डोक्यावर घ्यायची. सासू म्हणायची, भूक लागलीय, पाज तिला. समीहा पाजायची, ती आणखी रडायची, छातीला चावायची. मग एक दिवस हिल्मीच कंटाळून तिला अंधाऱ्या खोलीत घेऊन बसला आणि पोर झोपून गेली. "भूक नव्हती गं," तो बाहेर येऊन कुजबुजला होता, "झोप आली होती, आणि आपण तिला झोपूच देत नव्हतो." चार पोरींना वाढवलेली बाई, नातवंडं झालेली बाई, आणि एवढीशी गोष्ट विसरली! सगळ्या शहराने महिनाभर झोप सोडलेली, त्यात या पोराचीही सोडवली. दिवसा पळवलं, रात्री गुदगुल्या केल्या, पहाटे हलवून उठवलं, आणि वर विचारायचं, हा का चावतो? मी नाही का चावले?

त्या संध्याकाळी ती समोरच्या दारात बसबुसा, रव्याची गोड वडी, घेऊन गेली, तुपाशिवायची, तेलातली, मदाम ओदेतला चालेल अशी. दार उघडलं. "ओदेत, मला झोप नव्हती," समीहा म्हणाली. ओदेतने थाळी घेतली, एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "मलाही. शुक्रवारी मी येऊ का गं? माझी उसळ मी घेऊन येईन." झालं. तेवढ्यात मिटलं.

गुरुवारी शटर, पिंजरा, गलाबिया. शत्ता संध्याकाळी एकदाच चावला, तेही उशीला. पण एका दिवसाच्या शहाणपणावर कुणी विश्वास ठेवावा? शुक्रवारी समीहाचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. बदक भरताना तिने मीठ दोनदा घातलं की एकदाही नाही, हेच तिला आठवेना.

असर झाली. शत्ता पिंजऱ्यात झोपला. रबाब आणि तिचा नवरा मिदहत आले, मदाम ओदेत उसळ घेऊन आली, आणि मग जिन्यातूनच सबरीचा आवाज यायला लागला. गाडी लावायला जागा नाही, जिन्यात दिवा नाही, फिक्रिया हळू चढते.

"कुठं आहे तो?" आत पाय टाकताच पहिला प्रश्न.

"झोपलाय, अबेह."

"झाकून ठेवलं म्हणजे चावत नाही होय? वा! मीही सिंह पाळतो मग, कपाटात. जेवणं झाली की बाहेर काढ. सगळ्यांसमोर. दोस्ताला फोन करून ठेवलाय मी, तो गाडी घेऊन येतोय."

समीहाच्या तोंडचं पाणी पळालं, रोज्यात होतं नव्हतं तेवढंही. सबरी बसला आणि कामाला लागला. मिदहतने टीव्हीवर कुराणपठण लावलं, तर आवाज मोठा. कमी केला, तर ऐकू येत नाही. रबाबने मुलूखियाची भाजी आणली, तर लसूण आत्ताच का जाळला, वास येऊन जीव जातोय. बदक कोरडं दिसतंय. जर्दाळूचं सरबत पातळ दिसतंय. मदाम ओदेतला म्हणाला, "तुम्हाला काय, तुमच्या उपवासात पाणी चालतं!" मिदहत हळूच म्हणाला, "मामा, सूर्याला सांगू का लवकर बुडायला?" आणि मग जे सुरू झालं! सबरी उभा, मिदहत उभा, फिक्रिया मध्ये, रबाब रडवेली, चमचे खाली. अजानला अजून बराच वेळ होता.

समीहा स्वयंपाकघराच्या दारात फडक्याने हात पुसत उभी होती. तिने भावाकडे पाहिलं. डोळे तांबारलेले, कान लाल, एकाकडून दुसऱ्याकडे उगाच झेपावतोय, कशावरही. आणि तिच्या मनात आलं, अरे, हा तर माझ्या ओळखीचा आहे!

ती ओरडली नाही. समजावलं नाही. ती त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातात मुलूखियाच्या देठांची जुडी दिली, आणि तो "हे काय?" म्हणून बघेपर्यंत त्याचा दंड धरून त्याला चालवू लागली. "अबेह, जरा पाठ टेक. अजान झाली की उठवते."

"मी काय लहान आहे?"

"नाहीस. चल."

तिने त्याला झोपायच्या खोलीत नेलं, शटरं बंदच होती, त्याला पलंगावर बसवलं, बूट काढले, बाहेर येऊन दार ओढलं. दिवाणखान्यात अशी शांतता झाली की सगळे एकमेकांकडे बघून लाजले. समीहाने सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यावरच अडकला. पिंजरा! पिंजरा त्याच खोलीत, पलंगाच्या कडेला!

"काय झालं?" रबाबने विचारलं.

"मी त्यांना एकत्र कोंडलं," समीहा म्हणाली.

आता दार उघडावं तर दोघेही जागे होणार. न उघडावं तर कुठल्याही क्षणी किंकाळी. समीहा दाराला कान लावून उभी राहिली. फिक्रिया तिच्या मागं, ओदेत फिक्रियाच्या मागं. आतून घोरणं ऐकू येत होतं. "हे यांचं," फिक्रिया कुजबुजली, आणि तिच्या आवाजात नवल होतं. "समीहा, हिल्मीभाऊ गेल्यापासून मी यांचं घोरणं ऐकलं नाही गं. रात्र रात्र बसून असतात. दुपारी कॉफीखान्यात जात नाहीत. म्हणतात, डॉमिनो कुणाशी खेळू?"

समीहाने तिच्याकडे वळून पाहिलं. वर्षभर तिला वाटत होतं, हिल्मी फक्त तिच्या एकटीच्या घरातून गेला.

तोफ झाली. पाठोपाठ मशिदीमशिदींतून अजान. समीहाने खजूर आणि पाण्याचा पेला घेतला, आणि दार ढकललं.

सबरी कुशीवर झोपला होता, तोंड उघडं. एक हात पलंगावरून खाली लोंबत होता. खाली शत्ता अर्धा गलाबियात, अर्धा बाहेर, डोळे मिटलेले. आणि सबरीचं बोट त्याच्या तोंडात.

"चावलं!" फिक्रिया किंचाळली.

सबरी दचकून जागा झाला. "हात ओढू नकोस, अबेह!" समीहा ओरडली. "ढिला सोड! हलू नकोस!"

आयुष्यात पहिल्यांदा सबरीने बहिणीचं मुकाट ऐकलं, अर्धवट झोपेत होता म्हणून असेल. त्याने हात तसाच सोडला. शत्ताने एक डोळा उघडला, बोट दोनदा चघळलं, त्यात काही मजा नाही हे त्याला कळलं, त्याने ते सोडलं, चाटलं, आणि डोकं पुन्हा खाली ठेवलं.

फिक्रियाने विचारलं, "चावलं ना? रक्त आलंय?"

सबरीने बोट डोळ्यांसमोर धरलं. मग दाराकडच्या उजेडात धरलं. उलटसुलट करून पाहिलं. सबरीची नजर बोटावरून खाली गेली, पिंजऱ्यावर. "ही हिल्मीची गलाबिया," तो म्हणाला. "हिल्मीचे कपडे तू कुत्र्यावर घालतेस?"

"मी स्वतःवर घालून पाहिली," समीहा म्हणाली. "वर्षभर पाहिली. मला झोप नाही लागली. याला लागते."

सबरी पलंगावर उठून बसला. नाकाचा शेंडा चोळला, दोनदा. मग हात पुढं करून खजूर घेतला, तोंडात टाकला, पाणी प्यायला.

"चावलं का नाही, ते सांगा ना!" फिक्रिया म्हणाली.

"कुणाला चावलं? मला तर काही कळलं नाही," सबरी खेकसला. "झोपलो होतो मी. झोपलेल्या माणसाला साक्षीला बोलावतात का कुठं?" आणि त्याने खिशातून फोन काढला. "अरे, मी सबरी. गाडी नको. नको म्हणजे नको! जा घरी, रोजा सोड. तुला काय करायच्यात चौकश्या!"

समीहा भिंतीला टेकली.

मग सबरीला आठवलं, बोटाला कुत्र्याची लाळ. सात वेळा धुवायचं, एकदा मातीने. समीहाने बाल्कनीतून तुळशीसारख्या वासाच्या रिहानची कुंडी आणली, ती तिने याच कामासाठी ठेवली होती, आणि सबरी मोरीशी उभा राहून मोठ्याने मोजू लागला. पाचव्याला मिदहतने विचारलं, "मामा, सूप गार होतंय, वाढू का?" सबरीचा आकडा चुकला, त्याने मिदहतला चार शिव्या दिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बदक गार झालं. मीठ कमीच होतं. सगळ्यांनी दोनदा घेतलं.

जाताना सबरी दारात थांबला. फिक्रिया खाली उतरत होती. त्याने सिगरेट ओठांत धरली, पेटवली नाही.

"ती शटरं," तो म्हणाला, जिन्याकडे बघत. "रोज लावतेस?"

"रोज. असरनंतर."

"फिक्रियाच्या मालिका चालू असतात, घरात काही पाठ टेकता येत नाही." त्याने खाकरून घसा साफ केला. "म्हणजे मी म्हणत होतो, उद्या जरा लवकर आलो तर."

समीहाच्या पायाशी शत्ता सबरीच्या बुटाची नाडी हुंगत होता. समीहाने त्याला उचलून काखेत घेतलं.

"ये ना, अबेह," ती म्हणाली. "तुझ्यासाठी उशी ठेवते. पण या घराचा एक नियम आहे, तो दोघांनाही लागू. चावायचं नाही."